माढ्याच्या पोरांना म्युझियमचं पुस्तक कशाला?

तालुक्याच्या ठिकाणी वाचनालयासाठी किंवा शाळेसाठी मुलांची पुस्तके निवडायला चार माणसे बसली, की एक वाक्य हमखास ऐकू येते. समोर एखादे चित्रपुस्तक असते. आई, बाबा, आजी आणि दोन मुले म्युझियम बघायला निघाली आहेत, एवढीच त्यातली गोष्ट. निवडणारे पाने उलटतात, चित्रांचे कौतुक करतात, मागची किंमत बघतात आणि म्हणतात, "पुस्तक देखणं आहे, पण आपल्या माढ्याच्या पोरांना काय उपयोग? इथं म्युझियम आहे कुठं?" पुस्तक बाजूला पडते आणि तेवढ्याच पैशांत बोधकथांचे दोन जाड संग्रह कपाटात येतात.

हे म्हणणारी माणसे मुलांच्या वाईटावर नसतात. त्यांत पदरमोड करून वाचनालय चालवणारे आहेत, सुट्टीच्या दिवशी शाळा उघडून मुलांना पुस्तके देणारे गुरुजी आणि बाई आहेत. म्हणूनच त्यांचे म्हणणे नुसते सोडून देता येत नाही, त्याला उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे, की म्युझियम बघायला निघालेल्या कुटुंबाचे पुस्तक पुण्यामुंबईच्या मुलापेक्षा माढ्याच्या मुलाला अधिक हवे आहे, आणि ते त्याच्यापर्यंत पोचत नाही याचे कारण जवळ म्युझियम नसणे हे नाही.

आधी 'कुठं'चे उत्तर. तेरला.

माढ्याहून बार्शीमार्गे गेले की धाराशिव जिल्ह्यातले तेर एका दिवसात बघून घरी परतता येते. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली माणसे तिथे जाऊन आलेली असतात, कारण ते गोरोबाकाकांचे गाव. चैत्र वद्यातल्या यात्रेला जातात, समाधीपुढे डोके टेकवतात, तेरणेच्या काठी शिदोरी सोडतात आणि माघारी फिरतात. त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे तेरचेच. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांतून जे मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळत, ते त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केले. हजारो वस्तूंचा हा संग्रह पुढे शासनाच्या हवाली झाला आणि त्यातून हे संग्रहालय उभे राहिले. एका गावातल्या एका माणसाने आपल्या पायाखालच्या मातीला दिलेला हा मान आहे. मला तो फार मोठा वाटतो.

हे तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रव्यापाराच्या माहितीपुस्तकात तगराचे नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे मोठे शहर, आणि इथले कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाते, असे तो लेखक सांगतो. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये तशाच भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही त्याच जातीची एक मूर्ती हाती आली. या तिघींतले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

चित्रपुस्तक करणाऱ्याला याहून मोठे काय हवे? समोरासमोरची दोन पाने. डाव्या पानावर तेर, बैलगाड्या, गाठोडी, घाटातून उतरणारी वाट, भडोच, शिडांची जहाजे. उजव्या पानावर समुद्र आणि त्याच्या पल्याड पॉम्पेईतले एक घर, आणि त्या घरात ही आपल्याकडची बाई. एक अक्षरही लिहायला नको. आपली ज्वारी आणि आपला कांदा कुठल्या बाजारात जातो हे घरातल्या बोलण्यातून रोज ऐकणाऱ्या पोराला हे चित्र कळायला कोणाची शिकवणी लागणार नाही.

जवळ म्युझियम नाही, हे म्हणणे इथेच संपते. पण याच माणसांचे दुसरे एक म्हणणे आहे, आणि ते वजनदार आहे. ते म्हणतात, "अहो, म्युझियम शहरातल्या लोकांना लागतं. त्यांच्याकडं काही उरलं नाही म्हणून ते काचेत ठेवतात. आपलं आख्खं गावच म्युझियम आहे. किल्ला आहे, माढेश्वरी आहे, विठोबाचं देऊळ आहे. पोरं त्यातच वाढतात."

ऐकायला हे गोड लागते, आणि त्यातली पहिली अर्धी गोष्ट खरीच आहे. माढ्यात निंबाळकरांच्या काळचा किल्ला आहे, माढेश्वरीचे देऊळ आहे. आणि माढ्याचा विठोबा तर मराठी संशोधनातला एक मोठा वाद पोटात घेऊन उभा आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी माढ्याच्या मूर्तीच्या छातीवर कोरलेल्या मंत्राक्षरांचा आधार घेऊन, पंढरीची आद्य मूर्ती ती हीच, असे मांडले. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी देव पंढरपुरातून माढ्याला आणला, या इथल्या परंपरेशी त्यांनी ते जोडले. वाद झडला, विरोध झाला. १९८७ मध्ये त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे ॲन फेल्डहाउस यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादातून माढ्याचे नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेले. ढेऱ्यांचे मत कोणाला पटो वा न पटो. पण आपल्या गावातल्या एका मूर्तीच्या छातीवर अक्षरे आहेत आणि ती काय सांगतात यावर विद्वान भांडले, हे माढ्यातल्या चौथीच्या किती मुलांना ठाऊक आहे? आज बाहेरच्या माणसाला माढा म्हटले की लोकसभेचा मतदारसंघ आठवतो. गावातल्या पोरांनाही तेवढेच आठवू लागले, तर दोष त्यांना कसा देणार?

तेव्हा 'पोरं त्यातच वाढतात' यात तथ्य आहे, पण त्यातच वाढल्यामुळे ती ते बघतात हे खरे नाही. रोज ज्या भिंतीला सायकल टेकवायची, त्या भिंतीकडे मान वर करून कोणी बघत नाही. कोणीतरी एकदा थांबून, बोट दाखवून 'हे बघ' म्हणावे लागते. म्युझियम हेच करते. एक वस्तू भोवतीच्या गर्दीतून उचलते, एकटी ठेवते, तिच्यावर उजेड टाकते. आणि असे बघण्याची सवय एकदा लागली की मूल परत येऊन आपल्या वेशीकडे, आपल्या देवळाच्या खांबाकडे त्याच डोळ्यांनी बघते. चित्रपुस्तक ही सवय त्याच्याही आधी, मांडीवर बसल्या बसल्या लावते. म्हणून गावच म्युझियम असेल, तर त्या गावातल्या मुलाला हे पुस्तक पहिल्यांदा द्यायला हवे.

शिवाय 'आपल्याकडं सगळं आहेच' या समजुतीने आपण काय काय घालवले, त्याचा हिशोब एकदा मांडायला हवा. कुर्डुवाडी आपल्याच तालुक्यातली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी स्टेशन, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांवरची गाडी धावू लागली. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ती योजना. अरुंद रुळांवरूनही जड माल नीट वाहून नेता येतो हे त्याने इथे करून दाखवले, आणि इथला अनुभव घेऊन त्याने इंग्लंडात १९०४ मध्ये सुरू झालेला लीक अँड मॅनिफोल्ड हा मार्ग उभारला. म्हणजे माढा तालुक्यात आधी झाले आणि इंग्लंडात नंतर. ही गाडी पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. वारकऱ्यांच्या किती पिढ्या त्या डब्यांतून पंढरीला गेल्या असतील! १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झाला. रुंद व्हायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की ती गाडी रोज दारावरून जात असताना तिचे एक चित्रपुस्तक आपण केले नाही. आज दहा वर्षांच्या मुलाला ती गाडी दाखवायची तर मोबाइलवर कोणीतरी घेतलेले अंधूक चित्रण शोधावे लागते. ती आपल्या अंगणात होती तोवर कोणालाच ती बघण्याजोगी वाटली नव्हती.

पेवांचेही तेच. सोलापूर जिल्ह्यात जमिनीखाली पेव खणून त्यात ज्वारी साठवत. पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेई, म्हणून ते उघडे ठेवून वाट बघावी लागे. हे सांगणारी माणसे अजून आहेत, पण पेवे बहुतेक बुजली. मोट गेली, तांब्याचा बंब गेला, घंगाळ मोडीत निघाले, जाते उंबऱ्याबाहेर पालथे पडले आणि नंतर कोणत्या तरी बांधकामाच्या पायात गेले. जुनी भांडी वजनावर विकून त्याच पैशांत स्टीलची आणली, यात गरिबीचा भाग होता, सोयीचा होता, आणि 'यात काय बघायचंय' या वृत्तीचाही होता. यातल्या शेवटच्या भागावर पुस्तकाचा इलाज चालतो.

आता तिसरे म्हणणे. ते तरुण शिक्षकांकडून येते आणि रागाने येते. मला तो राग समजतो. ते म्हणतात, म्युझियममध्ये असते कोणाचे? राजांच्या तलवारी, सरदारांचे अंगरखे, देवांच्या मूर्ती. राबणाऱ्यांचे तिथे काही नाही. आमच्या पोरांनी तिथे जाऊन दुसऱ्यांच्या वैभवापुढे पुन्हा मान खाली का घालावी?

पुष्कळ संग्रहालयांबद्दल हा आरोप खरा आहे. पण तेरबद्दल तो लागू पडत नाही, आणि म्हणूनच मी तेरचा आग्रह धरतो. तेरचे धन मातीचे आहे. भाजक्या मातीच्या बाहुल्या, खेळणी, दिवे, मडक्यांची खापरे, दगडाचे आणि काचेचे मणी. हे कुंभारांचे, मणेरांचे, विणकरांचे शहर होते. ज्या गावात सातवाहनांच्या काळी कुंभाराच्या हातून खेळणी उतरली, त्याच गावात हजारएक वर्षांनी गोरोबाकाका मडकी घडवत होते. चाकावरचा हात आणि पायाखालचा चिखल तोच. मुलाच्या डोळ्यांना हा धागा दिसण्यासाठी एक चित्र पुरते: वर काचेतले मातीचे खेळणे, खाली फिरते चाक. मान खाली घालावी असे यात काहीही नाही.

आणि हे फक्त तेरलाच घडले असे नाही. पुण्याचे राजा केळकर संग्रहालय बघा. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी आणि कमलाबाईंनी संग्रह वाढवला, तो दिव्यांचा, अडकित्त्यांचा, फणीकरंड्यांचा, स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा. घरातल्या बायकांच्या हाताखालून गेलेल्या वस्तू तिथे मानाने मांडलेल्या आहेत. एका लेकराच्या आठवणीत उभे राहिलेले हे घर मुलांच्या पुस्तकात फारसे दिसू नये, याचे मला वाईट वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये खणताना एका भिल्ल शेतकऱ्याच्या हाती कांस्याच्या मूर्ती लागल्या. चाकांवरचा हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथात माणूस उभा आणि पुढे दांडीवर चक्क एक कुत्रा. जो बैलपोळ्याला मातीचे बैल करतो त्या पोराला हा रथ दाखवा आणि मग विचारा, म्युझियम कोणाचे आहे.

म्हणजे राग म्युझियमवर काढून भागणार नाही. तो योग्य ठिकाणी न्यायचा, तर तेरसारख्या ठिकाणांना आपण किती जातो, तिथल्या चिठ्ठ्यांवर मुलांना कळेल असे मराठी आहे का, काचा मुलाच्या उंचीला आहेत का, हे विचारायला हवे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळे संग्रहालय उघडले. त्यांची फिरती बस तर २०१५ पासून गावोगाव जाते. चांगलेच काम आहे. पण बस एक दिवस येते आणि जाते. पुस्तक गावात राहते, एका घरातून दुसऱ्या घरात जाते, धाकट्या भावंडाच्या हातात पडते.

पुस्तकाच्या घडणीवरचा आक्षेप मला सर्वांत जास्त खुपतो. "चित्रं जास्त, मजकूर कमी. पाच मिनिटांत वाचून होतं. एवढ्या पैशांत काय शिकलं पोरगं?" पानावर जितकी जास्त अक्षरे तितके पुस्तक वसूल, असा हा हिशोब आहे. बोधकथांचे जाड संग्रह याच हिशोबाने जिंकतात.

चित्रपुस्तक पाच मिनिटांत होते ते मोठ्यांचे. कारण मोठे फक्त ओळी वाचतात. मूल चित्र वाचते आणि परत मागे जाते. चांगल्या चित्रपुस्तकात शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरे, आणि गोष्ट त्या दोहोंच्या मधल्या जागेत घडते. समजा आपल्या पुस्तकात वाक्य आहे, 'आजीला काही बघायचं नव्हतं.' आणि चित्रात आजी सगळ्यांच्या मागे राहिली आहे, पदराने काच पुसते आहे आणि आत दगडाच्या पाट्यावरवंट्याकडे बघते आहे. हे चित्र वाचणारे मूल एका पानात माणूस वाचायला शिकते. बोधकथेच्या शेवटी 'तात्पर्य' लिहिलेले असते, तिथे मुलाला काही शोधायला उरतच नाही. मला मुलाच्या बुद्धीबद्दल आदर आहे, म्हणून मला तात्पर्य नको आहे.

मराठीत हे कोणी केलेच नाही असेही नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१६ मध्ये स्वतः काढलेल्या चित्रांचे 'चित्ररामायण' प्रसिद्ध केले, आणि त्याच राजाने १९३८ मध्ये औंधला संग्रहालय उभारले. चित्राचे पुस्तक आणि वस्तूंचे घर या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच ओढीने सुचल्या होत्या, तेही एका छोट्याशा संस्थानात. आपल्या काळात माधुरी पुरंदरे यांनी लिहिलेली आणि चित्रे काढलेली पुस्तके आहेत. 'राधाचं घर' घ्या. आई, बाबा, आजी, आजोबा, काका, रोजचे घर, एवढाच ऐवज. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो अशा साध्या घरांकडे इतक्या बारकाईने बघण्याबद्दल, असे मी मानतो. हीच नजर घेऊन एक घर तेरला का जाऊ नये?

बाहेर हे झालेले आहे. अँथनी ब्राउन या इंग्रज चित्रकाराचे 'द शेप गेम' हे २००३ मधले चित्रपुस्तक नेमके असेच आहे. एक कुटुंब लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात जाते, त्याची गोष्ट. तिथे काही काळ लेखक-चित्रकार म्हणून राहून, लंडनच्या शाळकरी मुलांबरोबर काम केल्यावर ब्राउनने ते केले. आणि त्यातले कुटुंब कलेचे जाणकार वगैरे अजिबात नाही. वडील आणि एक मुलगा नाखुशीनेच आलेले आहेत. वडिलांचे विनोद फसतात. बघता बघता चित्रांनी ती माणसे हलतात, परतीच्या वाटेवर आई वही काढते आणि सगळे आकारांचा खेळ खेळतात. सुशिक्षित उच्चवर्गाचे चोचले म्हणून जे पुस्तक आपण बाजूला ठेवतो, ते मुळात कंटाळलेल्या, बिचकलेल्या, सामान्य घराबद्दल आहे. बिचकणे तर आपल्याकडे अधिकच. दारातला पहारेकरी काही बोलेल का, चपला काढायच्या का, तिकीट किती, आत मोठ्याने बोलले तर चालते का, हे प्रश्न माढ्याच्या माणसाच्या मनात असतात आणि ते पुस्तकात आले पाहिजेत.

ब्राउनच्या त्या पुस्तकातली एक गोष्ट मला आपल्यासाठी फार मोलाची वाटते. त्या दिवशी आईचा वाढदिवस असतो आणि कुठे जायचे ते आई ठरवते. आपल्या घरांतून माणसे बाहेर पडतात ती नवस फेडायला, लग्नाला, दवाखान्यात किंवा मयतीला. यातले काहीही आईला नुसते बघावेसे वाटले म्हणून ठरत नाही. मुलांच्या पुस्तकातल्या आया डबे भरतात, ताप आल्यावर कपाळावर पट्ट्या ठेवतात, 'चला, उशीर होतोय' म्हणतात. आपल्या तेरच्या पुस्तकात आई गोरोबाकाकांचे दर्शन झाल्यावर म्हणायला हवी, "मला ते म्युझियम बघायचंय." कारण देणार नाही. आणि मण्यांच्या काचेपुढे ती सर्वांत जास्त वेळ उभी राहील. कोणी तिला 'झालं का?' म्हणणार नाही. असे एक पान माढ्याच्या मुलाने आणि मुलीने लहानपणी बघितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आणि म्हणून पुस्तक कुटुंबाचे हवे, सहलीचे नको. शाळेची सहल वाईट नसते, पण तिथे रांग असते आणि 'पुढे चला' असते. प्रतापगड, पन्हाळा, रायगड करून परतताना वाटेत म्युझियम आले तर शंभर मुले दोन दारांतून जाऊन बाहेर येतात. कुटुंबाला रांग नसते. धाकटे बाकावर झोपते, मोठी एकाच बाहुलीपाशी अडून बसते, आजीचे गुडघे दुखतात म्हणून सगळे थांबतात, आणि या थांबण्यात बघणे होते. शिवाय सहलीत माहिती एकाच तोंडाने येते. घरात ती भलत्याच बाजूने येते. बाबा चिठ्ठी मोठ्याने वाचतात, कारण त्यांनाही नेमके ठाऊक नसते आणि तसे म्हणवत नाही. आजी चिठ्ठी वाचत नाही, पण दिव्याची वात कुठल्या बाजूला येते ते तिला कळते. "असाच व्हता आमच्या आईकडं, फकस्त ह्याचं तोंड मोठंय," एवढे म्हणते. त्या क्षणी त्या म्युझियममधली सर्वांत जाणती व्यक्ती आजी असते, आणि नातवंडाला ते दिसते. एरवी त्याला दिसते ती मोबाइल हाताळता न येणारी आजी.

चौथ्या म्हणण्याला मी फार जागा देत नाही. मोबाइलवर सगळे दिसते, मग पुस्तक कशाला, असे ते आहे. मोबाइलवर मूल एकटे बघते आणि बोट सरकवते. चित्रपुस्तक मांडीवर उघडावे लागते, आणि पान कधी उलटायचे ते दोघांनी मिळून ठरवायचे असते. फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. आपली सार्वजनिक वाचनालये १९६७ च्या कायद्याने चालतात, अ, ब, क, ड असा दर्जा आणि त्यावर अनुदान. खालच्या दर्जाच्या वाचनालयाला पगार आणि वीजबिल भागवून पुस्तकांना किती उरते, हे चालवणाऱ्यालाच माहीत. त्यामुळे दोन पुस्तकांऐवजी एक घ्या, हे सांगणे मला सोपे आहे आणि त्यांना कठीण, हे मान्य आहे. पण पैसे कमी आहेत म्हणून जास्त पाने विकत घ्यायची, हा मार्ग चुकीचा आहे. ज्या पुस्तकाला मूल पुन्हा पुन्हा हात लावते ते स्वस्त, आणि जे पाच वर्षे कोरे राहते ते महाग. आपल्या कपाटातल्या बोधकथांच्या संग्रहांची पाने उघडून बघावीत. कोणती पाने मळली आहेत ते दिसेल.

जबाबदारी फक्त वाचनालयांची नाही. तेरचे संग्रहालय राज्य शासनाचे आहे. बालभारती त्याच राज्याची आहे आणि १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते आहे. वस्तू एका खात्याकडे, छापखान्याची आणि मुलांच्या भाषेची जाण दुसऱ्याकडे. मधे अंतर आहे ते एका पत्राचे. चोवीस पानांचे एक पुस्तक, एक चांगला चित्रकार जो महिनाभर तेरला राहील, आणि माढा, बार्शी, कळंबच्या शाळांतली मुले ज्यांना कच्ची चित्रे आधी दाखवली जातील. त्यात चुका काढायचा पहिला अधिकार त्या मुलांचा. बाहुली कशी धरतात, एस.टी.त खिडकीपाशी कोण बसते, डब्यात भाकरीबरोबर काय असते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार नाही.

तोवर जी चित्रपुस्तके मिळतात ती घ्यावीत, मग त्यात लंडनचे म्युझियम असो की मुंबईचे. मुलगा विचारील, "आपल्याकडं आहे का असं?" त्याला सांगावे, आहे, तेरला आहे, पुढच्या वेळी गोरोबाकाकांना गेलो की जाऊ. आणि ते पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवू नये, घरी न्यायला द्यावे. फाटेल, तेल लागेल, एखादे पान सुटेल. सुटले तर चिकटवावे, आणि फारच गेले तर दुसरी प्रत मागवावी.